अर्ध्या आण्याचा भिवा

एप्रिल महिना लागला की आमच्या वऱ्हाडातल्या वस्त्यांचा नूर बदलतो. अमरावती असो की अकोला, विहाराला रंग लागतो, निळ्या पताका चढतात, वर्गणीची पुस्तके निघतात आणि रात्री अकरापर्यंत मिरवणुकीच्या बैठका चालतात. अशा बैठकीत वाद व्हायचेच. डीजे लावायचा की व्याख्यान ठेवायचे, पाहुणा कोण बोलवायचा, मागच्या वर्षीचा हिशेब कुठे आहे, हे वाद आम्ही वीस वर्षांपासून ऐकत आलो. पण अलीकडच्या एका जयंतीच्या तोंडावर आमच्या विहारात जो वाद झाला तो या सगळ्यांहून वेगळा होता. तो एका चित्रकथेवरून झाला. त्यात आमची चूक झाली. म्हणूनच तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग भरतो. त्या वर्गात येणारी अकरावीची एक मुलगी मोबाईलवर बोटाने चित्रे काढते. तिने ‘भिवा’ नावाची चित्रकथा सुरू केली. रोज संध्याकाळी आठ-दहा चौकटी काढायच्या आणि इन्स्टाग्रामवर टाकायच्या, तिथून त्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायच्या. तिच्या मावशीची मुले अकोल्याला राहतात. त्यांनी त्या आपल्या वस्तीतल्या पोरांना पाठविल्या. आठवडाभरात असे झाले की संध्याकाळी सात वाजले की अमरावतीची आणि अकोल्याची पोरे मोबाईल घेऊन ‘आला काय, भिवा आला काय’ म्हणत बसू लागली.

हा भिवा कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सुभेदार रामजींचा धाकटा मुलगा, साताऱ्याच्या शाळेत जाणारा, पुढे जगाने ज्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखले ते. पण या मुलीचा भिवा कोट घातलेला नाही, त्याच्या हातात संविधान नाही. तो हट्टी आहे. अभ्यासाला बसत नाही. पावसात छत्री न घेता शाळेत जातो, कारण तसे करून दाखवीन असे तो पोरांपुढे बोलून बसला आहे. आणि एका भागात तो आत्याच्या कमरेचा बटवा चोरायला निघतो.

या बटव्याच्या भागावरून सगळे रामायण घडले.

मुलांनी काय केले?

आधी मुलांचे सांगतो, कारण मोठ्यांनी त्यांचे म्हणणे कोणी विचारलेच नाही.

गोष्ट अशी. आई भीमाबाई वारली आहे. वडिलांनी दुसरे लग्न केले, ते भिवाला सहन झालेले नाही. साताऱ्याची पोरे मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतात असे त्याने ऐकले आहे. आपणही जावे, आपल्या पायावर उभे राहावे, असे त्याच्या मनाने घेतले. पण गाडीभाड्याला पैसे कुठून आणायचे? आत्या मीराबाई बटवा कमरेला खोचून झोपते आणि भिवा तिच्याजवळच झोपतो. पहिल्या रात्री प्रयत्न फसतो, दुसऱ्या रात्री फसतो, तिसऱ्या रात्रीही फसतो. चौथ्या रात्री बटवा हाती लागतो. उघडून पाहतो तर आत फक्त अर्धा आणा!

चित्रात त्या मुलीने एवढेच दाखविले होते. भिवाच्या तळहातावर एक इवलेसे नाणे, भिवाचे डोळे मोठे झालेले आणि बाजूला आत्या घोरत पडलेली. खाली लिहिले होते, ‘पुढचे उद्या’.

त्या रात्री पोरांच्या ग्रुपवर जो गोंधळ झाला तो आम्ही नंतर वाचला. एकाने लिहिले होते, ‘मी असतो तं तेवढ्याचे शेंगदाणे खाल्ले असते.’ दुसऱ्याने विचारले, ‘तीन रात्री हात नेऊन परत घेतला म्हणजे त्याले भेव वाटलं असन ना?’ अकोल्याच्या एका मुलीने लिहिले, ‘आत्याले सगळं माहीत होतं, ती झोपली नव्हतीच.’ आणि एका बारक्या पोराने विचारले होते, ‘मंग त्यानं तो अर्धा आणा परत ठेवला काय?’ या शेवटच्या प्रश्नावर पोरांचे दोन तट पडले. ठेवला म्हणणारे एका बाजूला, नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. एकाही पोराने असे लिहिले नव्हते की मग बाबासाहेब चोर होते. उलट सगळ्यांचे डोळे उद्याकडे लागले होते. तो मुंबईला जातो की नाही? आता काय करतो?

आम्ही व्यवसायाने वकील. उलटतपासणीत भले भले साक्षीदार पाहिले. पण एखाद्या माणसाच्या कृत्याचा विचार त्याची परिस्थिती, त्याचे वय, त्याचा हेतू आणि नंतरचे त्याचे वागणे यांसह करावा लागतो, हे जे आम्ही कायद्याच्या वर्गात शिकलो ते या पोरांना कोणी न शिकवता येत होते.

मोठ्यांनी काय केले?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी चार ज्येष्ठ मंडळी आली. त्यांच्यातले एक भाऊ नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे आणि तो आजही तेवढाच आहे. त्यांनी मोबाईल आमच्यापुढे धरला. ‘वकील साहेब, हे काय चालू आहे विहारात? बापाले चोर दाखवून राहिले पोट्टे! उद्या हेच चित्र त्या लोकांच्या हातात गेलं तं काय करता? कोलीत देता काय त्यांच्या हाती?’

आम्ही काय केले? पुस्तक उघडले नाही, मुलीला विचारले नाही. तिला फोन केला आणि म्हणालो, ‘बेटा, ते काढून टाक.’ तिने ‘हो सर’ म्हटले आणि पाच मिनिटांत काढले. संध्याकाळी सात वाजता भिवा आला नाही. मुलांच्या ग्रुपवर ‘काऊन नाही आला’ असे दोनेक निरोप आले आणि मग सगळे शांत झाले.

रविवारी वर्ग संपल्यावर ती थांबली. तिने एकच गोष्ट विचारली. ‘सर, ते खोटं होतं काय?’

वाचकहो, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर होते आणि ते आमच्याच कपाटात होते. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीत निघाला, त्यात साताऱ्याचा हट्टी भिवा आहे. पावसात भिजून आलेल्या भिवाला पेंडसे मास्तरांनी घरी धाडून अंघोळ घालायला लावली आणि लंगोटीवर वर्गात बसविले, हेही चरित्रांत आहे. आणि बटव्याची आठवण कोणा शत्रूने रचलेली नाही. ती खुद्द बाबासाहेबांनी सांगितलेली आहे. तीन रात्री जमले नाही, चौथ्या रात्री अर्धा आणा निघाला, आणि त्या अर्ध्या आण्याने लाज वाटून मी ठरविले की पळून जायचे नाही, आता मन लावून अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असा त्याचा आशय आहे. ज्या निश्चयातून पुढचे सगळे आयुष्य उभे राहिले त्याची सुरुवात बाबासाहेब स्वतः या बटव्यापाशी दाखवितात आणि आम्ही एका अकरावीच्या पोरीला सांगतो की बटवा काढून टाक!

जे सांगताना बाबासाहेबांना लाज वाटली नाही ते ऐकताना आम्हाला का वाटावी?

आमची भीती कोठून आली?

ही भीती हवेतून आलेली नाही, हे मात्र आधी मान्य केले पाहिजे. उन्नमती स्याम सुंदर या अभ्यासकाने १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे गोळा केली. ‘नो लाफिंग मॅटर’ या नावाने ते पुस्तक २०१९ साली निघाले. त्यांत बाबासाहेब कधी इवलेसे, कधी रडके मूल, कधी बाईच्या वेशात दाखविलेले आहेत. देशातल्या नामवंत व्यंगचित्रकारांनी ती काढली. हसणारे सगळे एका बाजूचे होते आणि ज्याच्यावर हसायचे तो एकटा. २०१२ साली शंकर यांचे १९४९ मधले गोगलगायीवरचे व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे हे लोकांच्या ध्यानात आले तेव्हा संसदेपासून गल्लीपर्यंत संताप झाला. गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू! पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती आम्हाला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. पण संतापामागचे दुखणे खरे होते. ज्या समाजाला शतकानुशतके हसण्याचा विषय केले तो आपल्या बापाचे चित्र पाहताना आधी चित्रकाराचा हात पाहणारच.

म्हणून आमच्या भाऊंचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. पण त्यांत एक फरक राहून जातो. शंकरांच्या चित्रात माणूस लहान केला आहे. या मुलीच्या चित्रात माणूस लहान होता, म्हणून लहान दाखविला आहे. तिथे हसणारा लांब उभा आहे. इथे अकोल्याचा पोरगा म्हणतो, मी असतो तर शेंगदाणे खाल्ले असते. म्हणजे तो भिवाच्या शेजारी जाऊन बसला. हसण्याने माणूस दूर गेला की जवळ आला, ही पारख आपल्याला करता आली पाहिजे. ती न करता सगळेच हसू बंद केले तर घरात फक्त तसबिरी उरतील.

चिंटूला माफ, बंटीला नाही

नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो घडविला. दोन-चार चौकटींची गोष्ट. चिंटू अभ्यास टाळतो, गृहपाठावरून बहाणे करतो, क्रिकेटचा चेंडू भलतीकडे मारतो, आईला उलट उत्तरे देतो. आणि महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले. लोकांनी कात्रणे चिकटवून वह्या केल्या, पुस्तके निघाली, २०१२ साली चित्रपट आला. आमच्या बौद्ध वस्त्यांतल्या घरांतही चिंटू वाचला गेला आणि आम्हीही त्याला हसलो. आता मुलांना जपानचा नोबिता आवडतो, जो परीक्षेत भोपळा आणतो आणि रडत घरी येतो. शिनचॅन आवडतो, जो आईला भंडावून सोडतो. मुलांना निर्दोष पात्र आवडत नाही, कारण निर्दोष पात्राशी खेळता येत नाही.

पण विचार करा. चिंटूचा चेंडू काच फोडतो तेव्हा शेजारचे काका रागावतात आणि चौकट संपते. हाच चेंडू भीमनगरच्या बंटीने मारला तर? तेव्हा काच फुटल्यावर काय काय फुटते ते आम्ही वकील लोक पोलीस ठाण्यात बसून पाहतो. चिंटूचा खोडकरपणा ‘वय आहे’ म्हणून माफ होतो, बंटीचा खोडकरपणा ‘जात आहे’ म्हणून लिहून घेतला जातो. हा भेद आम्हाला पुरता ठाऊक आहे. म्हणून आम्ही आपल्या मुलांना सांगतो की तू चुकूच नकोस. आणि आपल्या पुस्तकातल्या, नाटकातल्या, चित्रातल्या माणसालाही सांगतो की तू चुकूच नकोस. समोरच्याची अट आम्ही आपल्या घरात आणून लावली, हे आमच्या ध्यानात आले नाही.

आपली परंपरा अशी नव्हती. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यातला कुणबी भाबडा आहे, भटजीच्या थापांना फसतो, कर्ज करून बसतो. त्याचा मूर्खपणा फुल्यांनी लपविला नाही. त्याच्यावर रागही येतो आणि मायाही येते, आणि शेवटी तो नवराबायकोसह शिकायला निघतो म्हणून आनंद होतो. आंबेडकरी जलशात नवससायास करणारा, दारू पिणारा, सावकाराला अंगठा देणारा गडी स्टेजवर यायचा आणि समोर बसलेले आपलेच लोक पोट धरून हसायचे, कारण तो त्यांच्यातलाच होता. हसता हसता शहाणे होण्याची ती शाळा होती.

१९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले तेव्हा आपल्यातच दोन तट पडले. काहींनी म्हटले, आपल्या घरची घाण चव्हाट्यावर कशाला? काहींनी रात्र जागून वाचले आणि म्हटले, हा दगडू मीच आहे. त्या पुस्तकात शिकला-सवरलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू एकमेकांशी बोलतात. दगडू भित्रा आहे, कमकुवत आहे, कबुलीजबाब देत सुटतो. चाळीसहून अधिक वर्षे झाली, पण तो दगडू वाचकांच्या मनातून गेला नाही.

आनंदवरचे आरोप

आम्ही बौद्ध आहोत म्हणून आणखी एक दाखला देतो. तथागतांच्या शिष्यांत सारिपुत्त होते, महाकस्सप होते, एकाहून एक प्रज्ञावंत होते. पण लोकांच्या जिव्हाळ्याचा कोण, असे विचारले तर भन्ते आनंदाचे नाव आधी ओठांवर येते. पंचवीस वर्षे तथागतांच्या सेवेत राहूनही आनंद अर्हत झाले नव्हते. महापरिनिर्वाण जवळ आले तेव्हा ते एकीकडे जाऊन रडत उभे राहिले. तथागतांनी त्यांना बोलावून घेतले आणि सर्व भिक्खूंसमोर त्यांचे गुण सांगितले.

राजगृहाच्या पहिल्या संगीतीत याच आनंदवर आरोप ठेवले गेले. कोणते नियम लहानसहान मानायचे हे तथागतांना का विचारून घेतले नाही? त्यांचे चीवर शिवताना त्यावर पाय का दिला? स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून खटपट का केली? आनंद म्हणाले, यांत मला माझा दोष दिसत नाही, पण तुमच्यावरील श्रद्धेपोटी कबूल करतो. वकील म्हणून आम्हाला हे आरोपपत्र पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. कारण ज्या शेवटच्या आरोपावर त्यांना उभे केले, त्याच ‘गुन्ह्या’मुळे स्त्रियांना धम्माचे दार उघडले. ज्यांनी ग्रंथ जतन केले त्यांनी आनंदचे रडणे आणि त्याच्यावरचे आरोप दोन्ही जतन केले. पुसून टाकले नाहीत.

निर्दोष असण्याची अट

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण हा प्रश्न फक्त चित्रकथेचा असता तर आम्ही एवढा कागद खर्च केला नसता.

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. त्यातला जब्या आठवा. सरळ नाक व्हावे म्हणून नाकाला चिमटा लावणारा, काळी चिमणी मिळाली की शालू आपली होईल असे मानणारा, आईबाप डुकरे धरत असताना शालूने पाहू नये म्हणून लपून बसणारा. आईबापाची लाज वाटणे हा काही गुण नाही. पण त्या लपण्यात प्रेक्षकांना आपला गुन्हा दिसला. जब्यावर महाराष्ट्राने प्रेम केले आणि त्याने शेवटी मारलेला दगड अंगावर घेतला.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ रोजी, नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाला ठार मारण्यात आले. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याच्यावर ठेवलेला ठपका. पडद्यावरच्या जब्यासाठी टाळ्या वाजविणारा महाराष्ट्र नितीनच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला नाही. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले.

२९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आठवा. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांची हत्या झाली आणि पहिल्याच दिवसांपासून चर्चा कशाची सुरू झाली? सुरेखाबाईंच्या चारित्र्याची. ती बाई तशीच होती, अशी कुजबूज पद्धतशीर पसरविली गेली. त्या विरोधात नोव्हेंबरमध्ये वऱ्हाड पेटले, अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात आपल्या एका तरुणाचा बळी गेला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. २०१० साली उच्च न्यायालयानेही जातीचा हेतू मान्य केला नाही आणि फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

१९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखालचे खटले चालविताना आम्हाला दर वेळी हाच अनुभव येतो. आरोपीने काय केले हे बाजूला राहते आणि फिर्यादी कसा आहे याची चौकशी सुरू होते. दारू पितो काय? उधारी बुडविली काय? मुलीच्या मागे होता काय? मोर्चात जातो काय? जणू कायद्यात लिहिले आहे की अत्याचार होण्यासाठी माणूस आधी संत असला पाहिजे! कायद्यात असे कुठेही नाही. जो दारू पितो त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे, जो भांडखोर आहे त्यालाही आहे. माणूसपण हे चांगल्या वर्तनाचे बक्षीस नाही.

आता सांगा, हे न्यायालयाला आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचे, जर विहारात बसून आम्हीच म्हणत असू की आपला माणूस चित्रातसुद्धा चुकता कामा नये? ज्या पोरांनी बटव्यावर हात नेणाऱ्या भिवावर जीव लावला, ती पोरे उद्या एखाद्या सुरेखाबाईबद्दल कुजबूज ऐकतील तेव्हा विचारतील, बरं मग? ती कशीही असो, मारणाऱ्यांचे काय? ही माणसे तयार करायची आहेत की नाहीत?

भक्ती आणि जिव्हाळा

१९४३ साली पुण्यात न्या. रानड्यांवर बोलताना आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना, दोन्ही वेळा बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध बजावले आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांचे म्हणणे आम्ही दर संविधान दिनाला वाचून दाखवितो. पण जिव्हाळा आणि भक्ती यांतला फरक घरात पाळत नाही. भक्ताला देव हवा असतो, देवाच्या जागी तो स्वतःला कधीच ठेवू शकत नाही. जिव्हाळा असलेल्याला माणूस हवा असतो, आणि माणसाच्या वाटेने जाता येते. दहावीत नापास झालेल्या आमच्या पोराला बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी ऐकवली तर त्याची मान खाली जाते. अर्धा आणा हातात घेऊन रात्रीच्या अंधारात बसलेला भिवा दाखविला तर तो मान वर करून विचारतो, मग पुढे काय केलं त्याने?

आमच्या अमरावतीचेच पाहा. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, हे आम्ही दर वर्षी भाषणात सांगतो. पण त्याच परिषदेत त्यांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी मिळाली, हे किती जण सांगतात? आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर, अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या एका धाकट्या भावाचे दुःख आम्ही गाळून टाकले आणि तारीख तेवढी ठेवली.

आता काय?

त्या रविवारी आम्ही त्या मुलीला म्हणालो, ‘बेटा, ते खोटं नव्हतं. आमचं चुकलं.’ पुढच्या रविवारी कीर आणि खैरमोडे दोन्ही विहारात आणले आणि तो भाग मुलांसमोर व ज्येष्ठांसमोर वाचला. तीन गोष्टी ठरल्या. जे चरित्रात आहे तेच काढायचे, मनचे घालायचे नाही. अर्धी गोष्ट सोडून थांबायचे नाही, बटव्याच्या भागाबरोबर अभ्यासाच्या निश्चयाचा भागही त्याच दिवशी द्यायचा, म्हणजे कोणाला मधलेच चित्र कापून फिरविता येणार नाही. आणि आक्षेप असेल तर आधी पुस्तक उघडायचे, मग तोंड. हा तिसरा नियम मुलांसाठी नसून आमच्यासाठी आहे.

नामांतरवाले भाऊ त्या दिवशीही आले होते. पटले असे ते म्हणाले नाहीत. वाचन संपेपर्यंत हाताची घडी घालून बसले. त्यांचे म्हणणे त्यांनी पुन्हा एकदा मांडले, की चित्र एकदा बाहेर गेले की आपल्या हातात राहत नाही. हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि आम्ही ते वहीत लिहून ठेवले आहे. पण जाताना दारात चपला घालता घालता ते त्या मुलीकडे वळून म्हणाले, ‘पोरी, ते पेंडसे मास्तराचं काढशील तवा लंगोटी नीट काढजो. आम्हीबी तशेच बसलो हावो शाळेत.’

संध्याकाळी सात वाजता भिवा परत आला. बारक्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो अर्धा आणा परत ठेवला की नाही, यावर अमरावती आणि अकोला यांच्यात वाद चालूच आहे. चालू द्या!

जय भीम.